वरून दिसले म्हणजे सिद्ध झाले? उपग्रहचित्र, पांढरी आणि किल्लारी

आजचा धागा भांडणाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. भांडण कोणा एका व्यक्तीशी नाही. आपल्याच वर्तुळात गेल्या काही वर्षांत बळावलेल्या एका सवयीशी आहे. फोनवर नकाशा उघडायचा, उपग्रहचित्र मोठे करायचे, उदगीर किंवा कंधारच्या आसपास एखादी सरळ रेषा वा फिकट डाग दिसला की त्याभोवती तांबडे वर्तुळ काढायचे आणि खाली लिहायचे, ‘कागद खोटे बोलतो, उपग्रह खोटे बोलत नाही.’ एवढ्यावर हरवलेली पेठ सापडते, बुजलेला खंदक सापडतो, लढाईचे मैदानही सापडते. लोक ते भराभर पुढे पाठवतात आणि शंका विचारणारा ‘पुस्तकी’ ठरतो.

माझे म्हणणे असे आहे की उपग्रहचित्र हाही एक दस्तऐवजच आहे. फर्मान, महजर किंवा सेतवार यांना जे प्रश्न आपण विचारतो तेच त्यालाही विचारले पाहिजेत. ते कोणी काढले? कशासाठी? कोणत्या दिवशी? ज्या डोळ्याने ते टिपले, त्या डोळ्याला काय दिसत होते आणि काय दिसणे शक्यच नव्हते? मोडी कागदावरील शिक्का तपासल्याशिवाय जो पुढे जात नाही, तोच अभ्यासक उपग्रहचित्रापुढे मात्र हात जोडून उभा राहतो. हे मला सहन होत नाही.

आपल्या देशाच्या पहिल्या निरीक्षक उपग्रहापासूनच आरंभ करू. ७ जून १९७९ रोजी प्राचीन गणितज्ञ भास्कराच्या नावाचा ‘भास्कर-१’ सोव्हिएत अग्निबाणाने अवकाशात गेला. वजन साडेचारशे किलोच्या आत. आजच्या मानाने तो लहानच. त्यावर दूरचित्रवाणीच्या पद्धतीचे दोन कॅमेरे होते, एक दृश्य प्रकाशाचा आणि एक अवरक्ताजवळचा. हे कॅमेरे जवळपास वर्षभर सुरूच करता आले नव्हते, हेही विसरू नये. पहिल्या प्रयत्नाचे ते कष्ट होते. पुढे नोव्हेंबर १९८१ मध्ये गेलेल्या ‘भास्कर-२’ने दोन हजारांहून अधिक चित्रे पाठवली.

त्या चित्रांत काय होते? एका चौकटीत सुमारे ३४१ किलोमीटर लांब व तितकाच रुंद मुलूख. म्हणजे मराठवाड्याचा बराच मोठा भाग एका चौकटीत मावेल. आणि चित्रातील एक ठिपका, ज्याला आपण पिक्सेल म्हणतो, तो जमिनीवरच्या सुमारे एक किलोमीटरचा. गोदावरी दिसेल, बालाघाटचा डोंगर दिसेल. नांदेड शहर म्हणजे चार-दोन करडे ठिपके. लातूर जिल्हा तर तेव्हा कागदावरही नव्हता. १९८२ साली तो उस्मानाबादेतून वेगळा झाला.

आता येथे थांबून एक गोष्ट आठवावी लागते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यात ते विशेष भीषण होते. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या याच ऑगस्टमधली. घरे जळाली, माणसे गाव सोडून गेली. त्यानंतर अकरा महिन्यांच्या आत भास्कर-१ पृथ्वीभोवती फिरू लागला. त्याच्या एक किलोमीटरच्या ठिपक्यात गाव, गावकुसाबाहेरची वस्ती, जळालेले छप्पर आणि शाबूत छप्पर हे सारे एकाच करड्या छटेत मिसळून जाणार होते.

कोणी म्हणेल, तो जुना काळ. आज तीस सेंटिमीटरपर्यंतचे बारकावे दिसतात. दिसतात, हे खरेच. गावठाणापासून शंभर-दोनशे पावलांवर छपरांचा एक वेगळा पुंजका आज कोणालाही मोजता येईल. परंतु तो पुंजका वेगळा का, तेथपर्यंत पाण्याची वाट कधी आली, १९७८च्या पावसाळ्यात तेथून कोण निघून गेले आणि कोण परतले, हे छप्पर सांगत नाही. ते पोलीस ठाण्याच्या नोंदीत आहे, सत्यशोधन अहवालांत आहे, आणि सर्वांत अधिक त्या वस्तीत आज सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी आहे.

हेतूचा मुद्दाही येथेच घेतो. १७ मार्च १९८८ रोजी गेलेला आयआरएस-१ए आणि १९९१चा आयआरएस-१बी यांचा जन्म पीक, जंगल, पाणी आणि जमीन मोजण्यासाठी झाला. त्यांच्या प्रचलित रंगसंगतीत हिरवे पीक तांबडे दिसते, कारण अवरक्त किरणांना तो रंग बहाल केलेला असतो. म्हणजे रंगसुद्धा माणसाने ठरवलेला आहे. ही राज्याची नजर आहे; महसुलाची, पिकाची, साठ्याची. सालारजंगाने १८६५ साली हैदराबाद संस्थानात जिल्हाबंदी केली आणि पुढे जमिनीची मोजणी सुरू झाली, तेव्हा अमीन-तलाठ्यांच्या साखळीने जे काम केले, त्याच कुळातले हे काम आहे. वाईट नव्हे. पण निष्पाप, हेतुशून्य, सर्वसाक्षी असेही नव्हे.

आणि ज्या कामासाठी हा डोळा घडला, ते काम तो उत्तम करतो, हेही प्रांजळपणे मान्य करतो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याने भरलेल्या दहा वाघिणी घेऊन ‘जलदूत’ लातूरला पोहोचली, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. तेव्हा मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. ते कोरडे पात्र आणि मांजरा खोऱ्यातले उसाचे पट्टे यांचा वर्षानुवर्षांचा हिशेब उपग्रहचित्रांतून जितका स्वच्छ निघतो तितका भाषणांतून निघत नाही. आरोपपत्राचा पहिला कागद म्हणून ते चित्र मीही पुढे ठेवीन. पण ऊस तेथे कसा आला, कारखान्यांना परवाने कोणी दिले, कालव्याचे पाणी कोणाच्या शेतापर्यंत गेले, हे विचारायला मला पुन्हा दप्तरातच जावे लागेल.

आता किल्लारी. या धाग्याचे खरे कारण तेच आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले. ६.२ क्षमतेच्या भूकंपाने औसा, उमरगा भागातील गावेच्या गावे बसली. माळवदाची घरे होती. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकूड आणि त्यावर फूट-फूट माती. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आले.

अवकाशातून त्या वर्षी आपल्या उपग्रहांची सर्वांत बारीक नजर होती ३६.२५ मीटरची. या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. एक ठिपका म्हणजे सुमारे १,३१४ चौरस मीटर जमीन. भूकंपानंतर भूमिहीनांना जे २५० चौरस फुटांचे घर मिळाले, तशी छपन्न घरे एका ठिपक्यात बसतात. त्या काळच्या आपल्या कोणत्याही उपग्रहचित्रात किल्लारीचा एक वाडा, एक गल्ली, एक पार ओळखू येणे शक्य नव्हते. भूकंपाने किल्लारीजवळच्या शेतांत जमीन फाटून उचलली गेल्याच्या खुणाही भूगर्भशास्त्रज्ञांनी शेते तुडवतच नोंदवल्या. तेरणाकाठच्याच तेर येथे प्राचीन भूकंपाच्या खुणांची जी मांडणी झाली, तीही तेथील विटांचे जुने बांधकाम आणि मातीचे थर तपासून.

मग बावन्न गावे नव्या जागी वसली. आजच्या बारीक चित्रात ती चटकन ओळखू येतात. जुने गाव नदीकाठी, वाटोळे, गल्ल्यांचा गुंता असलेले. नवे गाव माळावर, फूटपट्टीने आखल्यासारखे. आता अशी कल्पना करा की शंभर वर्षांनी कोणी अभ्यासक केवळ या चित्रावरून निष्कर्ष काढू लागला. त्याला मूळ आखणीत घरांचे तीन आकार दिसतील. लहान, मध्यम, मोठे. तो काय म्हणेल? कदाचित म्हणेल, कुटुंबे लहानमोठी होती. कदाचित जातवार विभागणी म्हणेल. कदाचित ‘नियोजनकारांची सौंदर्यदृष्टी’ असेही म्हणेल. असे लिहिणारे आजही कमी नाहीत.

खरे उत्तर पुनर्वसनाच्या कागदात आहे. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यांना ७५०. घरात माणसे किती गेली, किती उरली, याला या मोजपट्टीत जागा नव्हती; मोजली गेली ती जमीन. म्हणजे भूकंपाने ज्या विषमतेवर माळवद कोसळवले, तीच विषमता सिमेंटमध्ये पुन्हा उभी राहिली. हे वाक्य मी उपग्रहचित्रावरून लिहू शकत नाही. आणि केवळ शासकीय कागदावरून लिहिले असते तर त्याला वजन आले नसते. कारण कागद नियम सांगतो, जमिनीवर तो किती उतरला हे छप्परच सांगते. शिवाय गेल्या तीस वर्षांत लोकांनी खोल्या वाढवल्या, पत्रे टाकले, ओसऱ्या काढल्या. आजचे छप्पर मोजून १९९०च्या दशकातले घर समजू पाहणारा पुन्हा फसेल.

आता ज्यांना खरोखर जुनी गावे वरून पाहायची आहेत, त्यांच्यासाठी एक पेटी उघडी आहे आणि आपल्यापैकी फार थोडे तिच्याकडे वळतात. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेने ‘कोरोना’ नावाचे हेर-उपग्रह सोडले. लक्ष्य होते सोव्हिएत संघ आणि चीन. चित्रे फितीवर टिपली जात, फीत एका कुपीत भरून खाली सोडली जात असे आणि छत्रीने उतरणारी ती कुपी विमान हवेतच आकड्याने पकडत असे. शेवटच्या पिढीतल्या कॅमेऱ्याला सुमारे दोन मीटरपर्यंतचे बारकावे दिसत. म्हणजे वाडा, गढी, विहीर, गल्ली. फेब्रुवारी १९९५ मध्ये ही आठ लाखांहून अधिक छायाचित्रे खुली झाली. अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या तालुक्याभोवती चौकट आखून कोणत्या फिती मिळतात ते कोणालाही पाहता येते.

यातली विडंबना पाहा. २००१च्या आपल्या धोरणात ५.८ मीटरपेक्षा बारीक चित्र चाळणीतून गेल्याशिवाय मिळत नव्हते. ती मर्यादा २०११ साली एक मीटरवर आली. म्हणजे आपल्या गावाचे बारीक चित्र आपल्याला सहज मिळण्यापूर्वी कितीतरी वर्षे, परक्या हेरखात्याने शीतयुद्धासाठी काढलेली चित्रे जगाला खुली होती. ‘उपग्रह निष्पक्ष असतो’ म्हणणाऱ्यांनी या ओळीवर थोडा विचार करावा.

कोरोनाचा उपयोग करून मेसोपोटेमियात मोठे काम झाले आहे. जेसन उर यांनी या छायाचित्रांवरून तेल ब्राकच्या परिसरात, हजारो वर्षे माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी खोलावलेल्या वाटांचे जाळे मांडले. पण त्या भागातील वसाहतींचा काळ ठरवताना त्यांनाही शेतांतून चालत खापरे वेचावी लागली, हा भाग आपल्याकडचे उत्साही लोक वगळतात.

आपल्या मुलखात याच्या तोडीची खूण म्हणजे पांढरी. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी, ही जोडी मराठी गावाला नवी नाही. शतकानुशतकांची चुलीची राख, कोसळलेल्या भिंतींची माती, शेण, हाडे, खापरे यांनी वस्तीची जागा फिकट होते आणि भोवतीच्या काळ्या कसदार जमिनीत उठून दिसते. वरून पाहणाऱ्याला ही देणगीच. परंतु फिकट डाग पांढरीचाच असतो असे नाही. चोपण जमीन फिकट दिसते, उघडा मुरूम दिसतो, खळे दिसते, नुकती नांगरलेली कोरडी ढेकळेही दिसतात. वैशाखातले चित्र आणि आश्विनातले चित्र यांत एकच शेत दोन वेगळी शेते वाटतात. त्यात फोनवरच्या नकाशाचे चित्र अनेक तारखांच्या तुकड्यांचे शिवलेले असते. एक बांध ओलांडला की कधीकधी वर्ष बदललेले असते.

हे शहाणपण मला जन्मजात नव्हते. पदव्युत्तर प्रकल्पासाठी लोहा तालुक्यात मी असाच एक स्वच्छ, अंडाकृती, फिकट डाग शोधला होता. तीन वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांत तो दिसत होता. टिपण तयार, आराखडा तयार, मित्रांना दाखवूनही झाले. मग भर उन्हात तेथे गेलो. बांधावरच्या आजोबांनी माझा छापील कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “लेकरा, ही पांढरी न्हाई, भट्टीची राख हाय. पांढरी व्हती तिकडं, वढ्याच्या अंगाला. आमच्या बापानं अन् चुलत्यानं गाड्या भरभरून शेतात टाकली ती.”

त्यांनी दाखवलेल्या जागी गेलो. वरून पाहता तेथे काहीच नव्हते, सोयाबीन निघून गेल्यावरचे साधे काळे रान. वाकून पाहिल्यावर मात्र ओढ्याच्या कडेला खापरे होती, एक शंखाच्या बांगडीचा तुकडा होता. पांढरी माती उत्तम खत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शेतात पसरली गेल्याने टेकाडच नाहीसे झाले होते. जे दिसत होते ते प्राचीन नव्हते आणि जे प्राचीन होते ते दिसत नव्हते. लाज वाटली, हे कबूल करतो. तो आराखडा अजून माझ्या कपाटात आहे.

उदगीरच्या रणभूमीविषयी एवढेच. ३ फेब्रुवारी १७६०ची लढाई उदगीरच्या नावाने ओळखली जाते, पण निजामाची फौज तेथून धारूरकडे सरकत होती आणि निर्णायक झुंज औश्याच्या बाजूला झाली. किल्ल्याशेजारचे मोकळे रान पाहून त्यावर वर्तुळ काढणाऱ्याने आधी त्या मोहिमेची पत्रे वाचावीत. कंधारचेही तसेच. तेथील तलाव चित्रात सुरेख दिसतो. पण ‘जगत्तुंगसमुद्र’ हे नाव आपल्याला राष्ट्रकूटकालीन शिलालेखाने दिले.

माझ्यावर एक आक्षेप येणार हे ठाऊक आहे. ‘कागदसुद्धा सत्ताधाऱ्यांचेच ना? ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी लिहिले. उपग्रह निदान सर्वांना सारखेच टिपतो.’ या आक्षेपात तथ्य आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. निजामी दप्तरात भूमिहीन स्त्री शोधून पाहा. बहुधा सापडणार नाही. वरून मात्र तिच्या झोपडीचे छप्पर पाटलाच्या वाड्याइतक्याच निर्विकारपणे टिपले जाते. पण छप्पर टिपले गेले म्हणजे ती टिपली गेली, असे म्हणणे ही तिची दुसरी फसवणूक आहे. तिला इतिहासात आणायचे तर तिच्या मुलीशी, नातीशी बोलावे लागेल. ते काम फोनवर दोन बोटे फाकवून होत नाही.

आणि कागदाचे वजन ज्यांना कळत नाही त्यांनी २०२३ साल आठवावे. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसिलांत निजामकालीन नोंदी शोधायला माणसे बसली. मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. त्या मागणीविषयी प्रत्येकाचे मत वेगळे असेल, तो आजचा विषय नाही. पण पिवळ्या पडलेल्या एका ओळीवर एखाद्या घराचे पुढचे आयुष्य अवलंबून राहू शकते, हे तेव्हा सर्वांनी पाहिले. त्या ओळी वाचणारी माणसे कमी होत आहेत. वर्तुळे काढणारी वाढत आहेत.

१५ फेब्रुवारी २०१७ रोजी श्रीहरिकोट्याहून एकाच उड्डाणात १०४ उपग्रह गेले. त्यांतले ८८ ‘डव्ह’ जातीचे, प्रत्येकी पाच किलोच्या आसपास, खोक्यात मावतील एवढे. ते रोज पृथ्वी टिपण्यासाठीच होते. म्हणजे आपल्या गावाची रोजची चित्रे साठत आहेत आणि पुढच्या पिढीच्या इतिहासकारापुढे पुराव्यांचा डोंगर असेल. तोपर्यंत निदान आपण एक शिस्त पाळू या. कोणतेही उपग्रहचित्र टाकताना खाली चित्राची तारीख, उपग्रहाचे नाव आणि एका ठिपक्याचे जमिनीवरचे माप लिहा. स्वतः त्या जागी गेला होतात की नाही, हेही लिहा. ‘गेलो नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही.

मी स्वतः या महिन्यात औसा तालुक्यासाठी कोरोनाच्या फिती धुंडाळतो आहे. ज्यांच्या घरी १९९३ पूर्वीच्या किल्लारी परिसरातल्या कोणत्याही गावाचा हाताने काढलेला नकाशा, घराचा जुना फोटो किंवा कोणती गल्ली कोणाची होती हे सांगणारे आजी-आजोबा असतील, त्यांनी कृपया खाली लिहावे. पुढच्या धाग्यात खासरापत्रक आणि सेतवार कसे वाचायचे ते पाहू. आजोबा-पणजोबांच्या नावाचे एखादे पत्रक घरच्या ट्रंकेत असेल तर तोवर काढून ठेवा, आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद चिकटवू नका.